सोळा नंबरचे दात

आगटे डेंटल लॅबोरेटरीत मी एकतीस वर्षं पार्सलं बांधली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रोज अकराला नारायण पेठेतला तो अरुंद जिना चढून वर जातो आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून पेपर वाचतो. पेपर घरीही येतो, पण तो आधी सुहासिनी वाचते आणि मग त्यात काही नाही असं मला सांगते. लॅबमध्ये निदान मी स्वतः वाचून तेच ठरवू शकतो. एकाहत्तराव्या वर्षीही तिथे सगळे मला बाळकाका म्हणतात. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

धंदा सोपा आहे. साताऱ्यापासून नगरपर्यंतचे दीडशेएक दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही कवळ्या करून देतो. डब्यात नेहमी वरचा आणि खालचा असे दोन्ही साचे येतात, दातावर दात बसतो का हे बघायला. कवळी त्यातल्या कुठल्या जबड्याची करायची ते सोबतची चिठ्ठी सांगते. चिठ्ठीत पेशंटचं नाव, वय, वरची की खालची, दातांची शेड आणि तारीख. ती चिठ्ठी वाचून कॉम्प्युटरमध्ये भरायची, प्रिंटर लेबल काढतो, लेबल डब्यावर चिकटतं आणि डबा आत दादामियाँकडे जातो. दादामियाँ चाळीस वर्षं दात बसवतायत. ते चिठ्ठी बघत नाहीत, लेबल बघतात. चिठ्ठी बघायचं काम जुबेदाचं.

जुबेदा शेख कसबा पेठेत राहते. रोज चालत येते आणि पावणेदहाला खुर्चीत असते. बाविसाव्या वर्षी लागली, आता त्रेपन्न. तिचा कॉम्प्युटर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. त्यातला कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, मालकांचे चुलतभाऊ गोपाळकृष्ण यांनी १९९३ साली स्वतः लिहिला. हुशार माणूस. त्यांनी शेडसाठी दोन आकडे ठेवले, कारण शेड सोळाच. एक म्हणजे टूथपेस्टच्या जाहिरातीतला पांढरा आणि सोळा म्हणजे पन्नास वर्षं विडी ओढलेल्या माणसाचा तपकिरी. जुबेदानं त्यांना तेव्हाच विचारलं होतं, "साहेब, चिठ्ठी नीट लागली नाही तर काय भरायचं?" गोपाळकृष्ण म्हणाले, "शंका ठेवायची नाही." आणि दोन हजार चार साली वारले.

शंका मात्र राहिल्या, कारण डॉक्टर राहिले. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांना औषधं लागतात त्यांना माहीत आहे. फलटणचे डॉक्टर हिंदुराव तर तीन आणि आठ एकाच फटकाऱ्यात लिहितात आणि 'वरची', 'खालची' यांत फरक एवढाच, की एक लाट जरा उंच असते. तेव्हा जुबेदानं स्वतःची एक पद्धत काढली. चिठ्ठीत कसलीही शंका असली, नावाची, जबड्याची, शेडची, की शेडच्या रकान्यात ९९ भरायचं. नव्व्याण्णव नंबरची शेड जगात नाही. लेबलवर ९९ दिसलं की दादामियाँ डब्याला हात लावत नसत, खिडकीशेजारच्या फळीवर ठेवत. जुबेदा डॉक्टरांना फोन करायची, खरं काय ते विचारायची, जुनी नोंद तशीच ठेवून नवी भरायची, लेबल बदलायची, मग डबा फळीवरून उतरायचा. त्या फळीला आम्ही विचाराची फळी म्हणायचो. तीस वर्षं हे चाललं. कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायला सांगणारं कुणी नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मालक श्रीनिवासराव आगटे कुठल्याशा व्यापारी मंडळाच्या व्याख्यानाला गेले आणि आधुनिक होऊन परत आले. आठवड्याभरात बाणेरहून हेमा आली. तिशीची मुलगी, गोड बोलणारी, सगळ्यांना अहो-जाहो करणारी. तिची कंपनी जुन्या कचेऱ्यांतली हातानं आकडे भरायची कामं यंत्राकडे देते. मला वाटलं, आता तो काळा पडदा जाणार. मी चष्मा पुसून बसलो.

पडदा गेला नाही. पडद्याच्या आत काय आहे हे एका गोपाळकृष्णांनाच ठाऊक होतं, त्यामुळे त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. हेमानं फळ्यावर चित्र काढून समजावलं. जुना कार्यक्रम तसाच राहील, फक्त त्याच्यासमोर जुबेदाऐवजी एक रोबो बसेल. म्हणजे बसणार नाही, तो दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये असतो, पण चिठ्ठीचा फोटो वाचून तो याच काळ्या पडद्यावर याच हिरव्या अक्षरांत टाईप करेल. त्याचं नाव दक्ष.

"म्हणजे मोरी तीच, भांडी तीच," दादामियाँ म्हणाले, "फक्त घासणारी बदलली."

"अगदी बरोबर, काका," हेमा म्हणाली आणि तिनं ते लिहूनही घेतलं.

पहिले तीन दिवस ती जुबेदाच्या मागे खुर्ची टाकून बसली. हातात घड्याळ. जुबेदा किती बटणं दाबते, कुठे थांबते, सगळं टिपलं. चौथ्या दिवशी मोठ्या टीव्हीवर रंगीत चित्रांतून ते आम्हाला दाखवलं. एका चिठ्ठीला सरासरी एकोणचाळीस सेकंद लागतात. त्यातली अठ्ठावीस सेकंद टायपिंग. उरलेली अकरा लाल रंगात होती.

"या अकरा सेकंदांत ऑपरेटर काही करत नाहीत," हेमा म्हणाली. "हा आपला वाया जाणारा वेळ."

श्रीनिवासराव त्या लाल पट्टीकडे असे बघत होते, जणू घरात एकतीस वर्षं भुरटा चोर राहत होता आणि आज सापडला.

"त्या वेळात मी चिठ्ठी वाचते," जुबेदा म्हणाली.

"हो ना. दक्षला तो वेळ लागणारच नाही."

जुबेदानं मग नव्व्याण्णवबद्दल सांगितलं. नीट, सावकाश, विचाराच्या फळीसकट. हेमानं ऐकून घेतलं, "किती इंटरेस्टिंग" म्हणाली आणि 'दुसरा टप्पा' असं लिहिलेल्या कागदावर ते टिपलं. जुबेदानं हे एकूण तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा ते त्याच कागदावर गेलं. दुसरा टप्पा कधी, असं मी विचारलं. पहिला यशस्वी झाल्यावर, हे उत्तर मिळालं.

दक्षला शिकवण्यासाठी तीस वर्षांच्या जुन्या नोंदी घेतल्या. घेण्याआधी त्या स्वच्छ केल्या. स्वच्छ करणाऱ्या पोरांना शेडची यादी दिली होती, एक ते सोळा. त्यांना अठरा हजार नऊशे चार नोंदींत ९९ दिसलं. यादीत ९९ नाही, म्हणजे चूक. चूक असेल तर जवळची बरोबर किंमत घालायची, असा नियम. नव्व्याण्णवला सर्वांत जवळचा आकडा सोळा. त्यांनी अठरा हजार नऊशे चार शंका एका दुपारी चहाच्या आधी सोळा करून टाकल्या. आणि यंत्र प्रामाणिक विद्यार्थ्यासारखं शिकलं, की अक्षर लागत नसेल तर माणूस विडी ओढणारा असतो.

हे आम्हाला कळलं ते पहिल्या दिवशी. करार असा होता, की तीन आठवडे दक्ष काम करेल आणि जुबेदा शेजारी बसून बघेल. त्या तीन आठवड्यांत डॉक्टरांकडून चुकीच्या म्हणून परत आलेल्या कवळ्या शंभरात दोनपेक्षा कमी निघाल्या, तर दक्ष पास आणि जुबेदा मोकळी. 'मोकळी' हा श्रीनिवासरावांचा शब्द. जणू तिला कुणी बांधून ठेवलं होतं.

दक्षनं पहिल्या सकाळी चाळीस चिठ्ठ्या सहा मिनिटांत भरल्या. टाळ्या झाल्या. जुबेदानं चाळीसही नोंदी वर-खाली करून बघितल्या.

"यात पाच सोळा आहेत," ती म्हणाली.

"छान," हेमा म्हणाली.

"यातल्या या पेशंटचं वय एकवीस आहे."

"दक्षचा आत्मविश्वास चौऱ्याण्णव टक्के आहे," हेमानं पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे खरंच तसं लिहिलं होतं. मी आयुष्यात बरेच आत्मविश्वासू लोक बघितले, पण आकडा लावून फिरणारा पहिलाच.

दक्षच्या पडद्यावर चूक दुरुस्त करायला बटण नव्हतं. फक्त 'ठीक' असं एक बटण होतं. जुबेदानं पाच वेळा 'ठीक' दाबलं. मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी स्वतःच्या मोबाईलवरून पाच डॉक्टरांना फोन केले, विचारून घेतलं, आणि लेबलं निघायच्या आत जुन्या हिरव्या पडद्यावर पाचही नोंदी हातानं बदलल्या. दक्षला ते कळलं नाही. हेमालाही नाही, ती जेवायला खाली गेली होती. दादामियाँना बरोबर लेबलं मिळाली. संध्याकाळी भिंतीवरच्या टीव्हीवर मोठ्या अक्षरांत आलं, आजच्या चुका शून्य, आणि दक्षचं हसरं तोंड. हा टीव्ही लावला होता विचाराच्या फळीच्या जागी. फळी काढून जिन्याखाली ठेवली होती.

हे रोज चाललं. चार-पाच दिवसांनी मला राहवलं नाही.

"जुबेदा," मी म्हटलं, "तू काय करतेयस ते तुला कळतंय का? तू फोन करतेस म्हणून चुका होत नाहीत. चुका होत नाहीत म्हणून ते यंत्र पास होणार. ते पास झालं की तू घरी. तू स्वतःच्या खुर्चीचे पाय स्वतः कापतेयस, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत."

"कळतं मला, बाळकाका."

"मग आता फोन करू नकोस. उरलेले दोन आठवडे पुरेत. तीसेक कवळ्या परत येऊ देत, आपोआप उघडे पडतील."

"त्या तीस कवळ्या कुणाच्या तरी तोंडात जाऊन परत येणार ना?"

"परत आल्यावर बदलून देऊ."

"तोवर तो माणूस काय खाणार?"

याला उत्तर होतं, पेज. पण मी ते दिलं नाही.

तरी माझं बोलणं कुठेतरी लागलं असावं. दुसऱ्या दिवशी बुधवारी जुबेदानं सुट्टीत मोबाईल पर्समधून काढला नाही. डबा खाल्ला. चार सोळा पडून होते. दोन वाजले, तीन वाजले. मी पेपर उघडा धरून बसलो होतो आणि मनातून खूश होतो, हे मी मान्य करतो. चारला लेबलं छापायला जातात. पावणेचारला तिनं त्या चारातली एक चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. फलटणच्या हिंदुरावांची. खाली कोपऱ्यात काही खरडलेलं होतं. तिनं चष्मा कपाळावर चढवून कागद अगदी नाकाशी धरला. अकरापेक्षा बरीच जास्त सेकंद लागली.

मग मोबाईल काढला.

"डॉक्टर, आगटे लॅबमधून जुबेदा. सरोजिनीबाई म्हणून पेशंट आहेत, त्यांची वरची की खालची?"

"चिठ्ठीत लिहिलंय की," पलीकडून आवाज आला. हिंदुराव मोठ्यानं बोलतात, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्यांचा असतो.

"हो, लिहिलंय. पण वरची की खालची?"

"वरची हो. आधी वरची बसू दे, मग खालचीची चिठ्ठी पाठवतो. शेड पाच. आणि तारीख सांभाळा. बाई मुख्याध्यापिका होत्या, महिन्याभरानं शाळेचा अमृतमहोत्सव आहे, त्या बोलणार आहेत. तेही लिहिलंय खाली. तुमच्याकडे वाचतं कोण?"

"मीच वाचते," जुबेदा म्हणाली. उरलेल्या तिघांनाही तिनं फोन केले. चारला पाच मिनिटं असताना चारही नोंदी बदलल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेपर उलटा धरलाय तुम्ही."

तीन आठवड्यांत शंभराला दीड कवळी परत आली. दक्ष पास झाला.

निरोप समारंभ शनिवारी झाला. शाल, नारळ, बटाटेवडे. श्रीनिवासराव भाषणात म्हणाले, की जुबेदाबाईंनी या संस्थेसाठी दातांच्या कण्या केल्या. हा विनोद आहे की चूक हे न कळल्यामुळे कुणी हसलं नाही. हेमानं तिला दक्षचं हसरं तोंड छापलेला कप दिला. तिनं खरोखर मनापासून दिला, हेच मला सहन झालं नाही. माणूस निदान लबाड असावा, म्हणजे शिव्या देता येतात. मला त्या सगळ्या प्रकाराची किळस आली. शालीची, कपाची, टीव्हीवरच्या त्या दात काढलेल्या तोंडाची. वडे मात्र मीही दोन खाल्ले. दुसरा खाताना स्वतःचीही आली.

त्यानंतरचा आठवडा शांत गेला. तयार कवळ्या डॉक्टरांकडे पोचून पेशंटच्या तोंडात जायला तेवढा वेळ लागतो. मग डबे परत यायला लागले.

पहिल्या पंधरवड्यात एकोणचाळीस. श्रीनिवासरावांनी ते पुढच्या टेबलावर ओळीनं मांडायला सांगितले आणि मी ते दृश्य बघितलं. एकोणचाळीस कवळ्या, सगळ्या सोळा नंबर. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा रंग. काही तोंडात जाऊन आलेल्या होत्या, त्या नीट धुतलेल्याही नव्हत्या. एका एकोणीस वर्षांच्या मुलीचे पुढचे चार दात होते, स्कूटरवरून पडली होती ती. ते चार दात तिच्या आजोबांनाही शोभले नसते. समोरच्या भिंतीवर दक्ष हसत होता. त्याचे पांढरे होते. एक नंबर.

"दादामियाँ," श्रीनिवासराव म्हणाले, "तुम्हाला दिसलं नाही का हे?"

"दिसलं ना."

"मग केलंत कशाला?"

"लेबलवर होतं. तुम्हीच सांगितलंत, लेबल म्हणेल तसं करायचं, आता डोकं लावायचं नाही."

"पण तुम्हाला ते हरकतीचं बटण दिलंय ना टॅब्लेटवर?"

"दाबलं. एकोणचाळीस वेळा दाबलं. दाबलं की कारण विचारतं. तीन कारणं आहेत, त्यातलंच एक निवडायचं. माल संपला, वीज गेली, ऑपरेटर गैरहजर. मी दर वेळी तिसरं दाबलं." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "खोटं काय त्यात?"

त्या महिन्याच्या अहवालात दादामियाँ एकोणचाळीस दिवस गैरहजर होते. महिना तीस दिवसांचा होता.

अहवाल हेमानं आणला. तिचा चेहरा उतरलेला होता, पण अहवालाचा नव्हता. त्यात लिहिलं होतं, की नवी पद्धत सुरू झाल्यानंतर डॉक्टरांच्या हस्ताक्षराचा दर्जा अचानक खालावला आहे. चाचणीच्या तीन आठवड्यांत तो उत्तम होता. यावर उपाय म्हणून डॉक्टरांसाठी सुलेखनाची कार्यशाळा सुचवली होती.

तेवढ्यात फलटणहून फोन आला. हिंदुरावांचा. श्रीनिवासरावांनी तो कानापासून वीतभर लांब धरला आणि आम्ही सगळ्यांनी ऐकला. सरोजिनीबाईंची खालची कवळी मागवली होती. आली ती वरची. वरची त्यांच्याकडे होतीच, पाच नंबरची. आता त्यांच्याकडे दोन वरच्या होत्या, एक बरी आणि एक तपकिरी. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, बदलून घ्यायला वेळ नव्हता, खालचा जबडा रिकामाच राहिला. बाई व्यासपीठावर गेल्या, ओठ घट्ट मिटून बसल्या. त्यांचं नाव पुकारल्यावर उठल्या, माईकसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि परत येऊन बसल्या. तीन पिढ्यांचे विद्यार्थी समोर होते. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि हो," हिंदुराव म्हणाले, "भाषण त्यांनी लिहून काढलं होतं. अकरा पानं."

फोन ठेवल्यावर हेमानं अहवाल परत पिशवीत घातला. मग श्रीनिवासराव म्हणाले, "बाळकाका, जुबेदाबाईंचं घर तुम्हाला माहीत आहे ना?"

आम्ही तिघं गेलो, मी, श्रीनिवासराव आणि हेमा. कसब्यातल्या बोळात गाडी शिरत नाही, त्यामुळे मालकांना चालावं लागलं. जुबेदा दारातच डाळ निवडत बसली होती. आत तिची आई अमिनाबी, चौऱ्याऐंशी वर्षांची, पलंगावर. कोण आलंय हे सांगितल्यावर म्हातारीनं श्रीनिवासरावांना जवळ बोलावलं.

"तुमची कवळी आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "फार चांगली आहे. जेवताना काढून ठेवते."

चहा झाला. दक्षच्या कपात नव्हे, त्यात जुबेदानं पेनं ठेवली होती. श्रीनिवासरावांनी सगळं सांगितलं. सोळा नंबर, एकोणीस वर्षांची मुलगी, शेवटी सरोजिनीबाई. जुबेदाचे डाळ निवडणारे हात तिथे थांबले.

"बोलल्याच नाहीत?"

"नाही."

"वरची मी विचारली होती," ती म्हणाली. "खालची नंतर येणार हे मला सांगितलं होतं डॉक्टरांनी." तिनं डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "परत यायला माझी हरकत नाही. नव्व्याण्णव परत द्या, फळी लावा. झालं."

श्रीनिवासरावांनी हेमाकडे बघितलं. हेमानं जमिनीकडे.

"त्यात थोडी अडचण आहे," ती म्हणाली. "नव्व्याण्णव दुसऱ्या टप्प्यात आहे. आणि दुसरा टप्पा पहिला यशस्वी झाल्यावर."

"पहिला झाला नाही ना यशस्वी?"

"तसं आता म्हणता येत नाही. आमच्या कंपनीला या कामासाठी पारितोषिक मिळालंय. सरांचा फोटोही छापून आलाय त्यात."

श्रीनिवासरावांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

मग हेमानं मार्ग सांगितला. ती बिचारी तो सांगताना दर वाक्याला थांबत होती. जुबेदा लॅबच्या नोकरीत येऊ शकत नाही, कारण ती जागा यंत्रानं भरली असं जाहीर झालंय. ती हेमाच्या कंपनीकडून येईल. हुद्दा, अपवाद-निवारण. दक्षनं जिथे जिथे सोळा भरलं असेल त्या चिठ्ठ्या तिच्यासमोर येतील, तिनं डॉक्टरांना फोन करायचा, विचारायचं आणि दुरुस्त करायचं.

"म्हणजे तेच," मी म्हटलं.

"तेच," हेमा म्हणाली. "फक्त एक आहे. डॉक्टरांना कळवलंय की आता सगळं यंत्र करतं. त्यामुळे फोनवर स्वतःचं नाव सांगता येणार नाही. दक्ष बोलतेय, असं म्हणावं लागेल."

मला वाटलं, आता जुबेदा उठेल आणि आम्हाला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवून येईल. मी तर चपला शोधायला लागलो होतो. एकतीस वर्षं एका खुर्चीत काढलेल्या बाईला तिचं नाव काढून ठेवून परत त्याच खुर्चीत बसायला सांगायचं, आणि तेही तिच्या घरात, तिचा चहा पिऊन. त्या बोळात तेव्हा मला कचऱ्याच्या डब्याचा जो वास आला तो बोळाचा नसावा.

"फोन करता येईल ना?" जुबेदानं विचारलं.

"येईल."

"लेबल निघायच्या आधी?"

"आधी."

"सरोजिनीबाईंची खालची आधी करून द्यायची. मग बाकीचं."

"आजच," श्रीनिवासराव म्हणाले.

"मग नाव काहीही ठेवा," ती म्हणाली आणि डाळ उचलून आत गेली. अमिनाबीनं तेवढ्यात मला विचारलं, हे लोक मुलीला मागणी घालायला आलेत का. मी म्हटलं, तसंच काहीसं.

सोमवारी ती पावणेदहाला खुर्चीत होती. गळ्यात हेमाच्या कंपनीचा पट्टा, पट्ट्यावर दक्षचं हसरं तोंड. दादामियाँनी जिन्याखालून फळी काढून आतल्या खोलीत स्वतःच्या बसायच्या जागेच्या वर ठोकली होती, टीव्ही बघायला येणाऱ्यांना दिसणार नाही अशी. पहिलं काम म्हणून सरोजिनीबाईंची खालची झाली. ती पाच नंबरची होती, मी स्वतः पार्सल बांधलं. निवृत्तीनंतरचं पहिलं. महोत्सव होऊन तोवर चोवीस दिवस झाले होते.

आता सगळं सुरळीत आहे. दक्ष सहा मिनिटांत चाळीस चिठ्ठ्या भरतो आणि जुबेदा दिवसभर त्या वाचते. चुका जवळजवळ शून्य. श्रीनिवासराव इतर लॅबच्या मालकांना बोलावून टीव्ही दाखवतात. त्या वेळी जुबेदाला आतल्या खोलीत बसावं लागतं.

परवा गुरुवारी असेच पाहुणे येऊन गेले होते. ती बाहेर येऊन खुर्चीत बसली, समोर हिंदुरावांची चिठ्ठी होती. तिनं ती वाचली. मी पेपरावरून बघत होतो. अकरा सेकंद. मग फोन लावला.

"नमस्कार, आगटे लॅबमधून दक्ष बोलतेय."

"अरे वा," हिंदुराव म्हणाले. नेहमीसारखं सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बोला, काय पाहिजे?"

"मोहिते म्हणून पेशंट आहेत. शेड तीन आहे की आठ, डॉक्टर?"

"तीन. काय सुधारलंय हो तुमचं मशीन. अगदी माणसासारखं बोलतंय. पूर्वी तुमच्याकडे एक बाई होत्या, जरा काही झालं की फोन. फार प्रश्न विचारायच्या."

मी पेपर खाली ठेवला. आतल्या दारात दादामियाँ हातात डबा घेऊन उभे होते. जुबेदानं तीन भरलं, आकडा नीट उमटलाय ना ते बघितलं.

"हो," ती म्हणाली. "त्यांना काढून टाकलं."

"बरं केलं."

"वरची की खालची, डॉक्टर?"